प्रयागबाईंची गारांची वही

प्रयागबाईंसमोर ‘अंदाजे’ हा शब्द चालायचा नाही. नळाला पाणी किती वाजता आलं, असं त्यांनी विचारलं आणि आपण “आलं असंल साडेसहाच्या सुमाराला” म्हणालो, की त्या चष्म्याच्या वरून बघायच्या. “सुमाराला म्हंजे? घड्याळ बघितलंस का न्हाई बघितलंस?” नाही बघितलं म्हटलं की मान हलवून पुढच्या घराकडे चालू लागायच्या. आमच्या कॉलनीत पाणी आठ दिवसांनी यायचं, आणि कधी, किती वेळ आलं याची नोंद नगरपरिषदेकडे नसली तरी बाईंकडे असायची. एकदा बायकांचा मोर्चा नगरपरिषदेवर गेला तेव्हा साहेब म्हणाले, “गेल्या महिन्यात चारदा पाणी सोडलंय.” बाईंनी पिशवीतून वही काढली आणि तारीखवार वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा फक्त पंचवीस मिनिटं. साहेबांनी चहा मागवला. बाई म्हणाल्या, “चहा नको, पाणी सोडा.”

औशाला लातूर रोडच्या कडेला आमची वसाहत आहे. बाईंचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत, ती पण कमरेएवढी. बाई तिथं राहायला आल्या त्या निवृत्त झाल्यावर. त्याआधीची सगळी नोकरी त्यांनी किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या पुढच्या जंगलातल्या गावांत काढलेली. आश्रमशाळेतल्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या अधीक्षिका. कॉलनीतले लोक त्यांना वॉर्डनबाई म्हणायचे. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला, मूलबाळ नाही. नांदेडला एक भाचा होता, तो दिवाळीत येऊन जायचा. निवृत्तीच्या पैशात आणि थोड्या कर्जात बांधलेलं ते घर: दोन खोल्यांवर स्लॅब, आणि पुढची पडवी व मागचं स्वयंपाकघर यांच्यावर सिमेंटचे पत्रे. “माझ्या आयुष्यातलं पहिलं घर, ज्याच्या दाराला मी आतून कडी लावते आन् बाहेर कुणी पोरगी रडत नसती,” असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

ठेंगणी, सावळी बाई. केस करकचून बांधलेले, पदराला सेफ्टी पिन, मनगटावर पुरुषी घड्याळ. माणसं मोजायची सवय मात्र सुटली नव्हती. ऑटोत बसताना मोजायच्या, देवळातून बाहेर पडताना मोजायच्या. माझ्या लेकीच्या, गौरीच्या वाढदिवसाला पोरं अंगणात धावत होती तर बाई खुर्चीत बसून बोटं हलवत राहिलेल्या. मध्येच ओरडल्या, “सतरा होती, सोळाच दिसून राहिलीत!” सतरावं पोरगं टाकीमागे लपलेलं सापडलं.

गोड बोलणं त्यांना जमायचंच नाही. आमच्या वास्तुशांतीला मी कौतुकाच्या आशेनं विचारलं, “बाई, शिरा कसा झालाय?” त्या म्हणाल्या, “रवा कच्चा राहिलाय.” सासूबाईंना फार लागलं ते. पुढं कितीतरी दिवस त्या बाईंशी बोलल्या नाहीत. बाईंना ते कळलं का नाही, देव जाणे. कळलं असतं तरी कच्च्या रव्याला त्यांनी भाजलेला म्हटलं नसतं.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट मला त्यांच्याकडून नाही, त्यांच्या एका विद्यार्थिनीकडून कळली. ती मुलगी आता लातूरला नर्स आहे, दर उन्हाळ्यात बाईंना भेटायला यायची, येताना चारोळ्या आणायची. ती सांगायची, “आमच्या वरणात अळ्या निघायच्या. आम्ही बाजूला काढून खायचो. बाई नवीन आल्या, आमच्यासंगं जेवायला बसल्या. त्यांच्या ताटात अळी निघाली. त्या उठल्या, वही आणली आन् तिथंच लिहिलं: आज वरणात अळ्या निघाल्या, मुलींनी ताटं ठेवली, मी पण ठेवलं. रोज लिहिलं. महिनाभर.” पुढं तपासणीला साहेब आले. ती पानं फाडा म्हणाले. बाई म्हणाल्या, पानांना नंबर हायत, फाडली की दिसंल. साहेब म्हणाले, नवी वही करा. बाई म्हणाल्या, “मंग महिन्याभराच्या अळ्या पण नव्या आणा.” त्यांची बदली झाली, आणखी आत, जिथं एसटी दिवसातून एकदा जायची. डाळ मात्र बदलली. ती नर्स हे सांगताना हसायची, आणि बाई आतून ओरडायच्या, “महिनाभर न्हाई! तेवीस दिवस!”

आणि एक गोष्ट माझी स्वतःची. गौरी दुसरीत असताना तापानं फणफणली होती. मी बाजार समितीत कारकून, मार्चअखेर, सुट्टी मिळेना. सासूबाई गावी गेलेल्या. बाई म्हणाल्या, “ठेव माझ्यापाशी.” दोन दिवस त्यांनी पोरगी सांभाळली. ताप कमी होईना म्हणून आम्ही तिला लातूरला नेलं, तेव्हा बाईंनी एक कागद हातात दिला. दर तासाला ताप किती, काय खाल्लं, किती वेळा लघवीला गेली, अंगावर पुरळ कधी दिसलं. डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं. डेंग्यू होता. डॉक्टर म्हणाले, “हे कुणी लिहिलं? वेळेत आणलंत तुम्ही.” मी ते बाईंना येऊन सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मी वेळेत कुठं दिलं? पुरळ सकाळीच दिसलं होतं. मी दुपारपर्यंत थांबले. चूकच झाली ती.”

हे सगळं मला माहीत होतं. पुढं जे मी केलं ते हे सगळं माहीत असताना केलं.

पुढं एका वर्षी गारपीट झाली ती मार्चमधल्या एका रविवारी, दुपारी. उकाडा इतका की पंख्याखाली बसवेना. मग एकाएकी अंधारून आलं, वारा सुटला आणि पत्र्यांवर कुणी धोंडे फेकावेत तसा आवाज सुरू झाला. आम्ही तिघं आणि सासूबाई पलंगाखाली घुसलो. माझे मिस्टर कानावर हात ठेवून बसले होते. भिंतीपलीकडून बाईंचा आवाज येत होता, “दारात येऊ नका! खिडकीपासून लांब बसा!” जणू शंभर पोरी त्यांच्या पाठीशी होत्या.

थांबलं तेव्हा बाहेर सगळं पांढरं. कडुलिंबाची पानं झडून झाडाचा नुसता सांगाडा उरलेला, त्या चेंगरलेल्या पाल्याचा कडू वास, आणि भिंतीच्या कडेला गारांचा ढीग. दोन साळुंक्या मरून पडल्या होत्या. आमच्या पत्र्यांपैकी दोन फुटले होते. बाईंच्या पडवीचे आणि स्वयंपाकघराचे मिळून अकरा. सोलरच्या काचेच्या नळ्यांचा चुरा, टाकीचं झाकण फुटून आत, खिडक्यांच्या काचा गाद्यांवर.

लोक झाडू घेऊन निघाले. बाई दारात आल्या, गारांसाठी डोक्यावर धरलेलं पातेलं अजून तसंच. “कुणी झाडू लावायचा न्हाई! आधी लिहायचं!”

आमच्या दोन्ही घरांचा विमा होता. घरकर्ज घेताना बँकेनं काढायला लावलेला, आम्ही तो विसरूनही गेलो होतो. बाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी ट्रंकेतून कागद काढला, चष्मा पुसला, वाचला आणि मला हाक मारली. “सरिता, तुझा मोबाईल आण. फोटो तू काढ, मी मोजते.”

मग त्या ओल्या, गार संध्याकाळी मी दीड तास त्यांच्या मागे फिरले. असं काम मी आजवर बघितलं नाही. त्यांनी एक गार उचलून पायरीवर ठेवली आणि शेजारी शाळेतली पट्टी ठेवली. मी म्हणाले, “लिंबाएवढी आहे, असं लिहा की.” त्या म्हणाल्या, “लिंबं काय सगळी एका मापाची असत्यात? वितळायच्या आत काढ.” प्रत्येक पत्र्यावर खडूनं नंबर घातला. भोकाचं माप वहीत. कोणत्या भोकाखाली काय भिजलं, तेही. “आधी लांबून काढ, मंग जवळून. नुसतं जवळून काढलं तर ते कुणाच्या बी घराचं वाटतं. आन् हात हलवू नको, तो काय तुझा लग्नाचा फोटो हाय का?” मोडलेल्या काचासुद्धा फेकल्या नाहीत, पोत्यात भरून पोत्यावर चिठ्ठी लावली.

स्वयंपाकघरात चार नंबरच्या पत्र्याखाली त्या थांबल्या. वर बघत राहिल्या. मग वहीत लिहिलं आणि लिहिताना मोठ्यानं उच्चारलं: “पत्रा क्रमांक चार. एका कोपऱ्याला आधीची बारीक चीर, मागच्या दिवाळीत एमसील लावलेलं. आता गारेनं मधून फुटला. भिंतीतला तडा जुना, त्याचा गारांशी संबंध न्हाई.”

मी म्हणाले, “बाई, हे कशाला लिहिता? वरून तर सगळंच फुटलंय. कोण बघतंय?”

“मी बघितलंय न्हवं,” बाई म्हणाल्या. “जे झालं ते लिहायचं. जुनं जुन्यात, नवं नव्यात. मंग नवं कुणी नाकारू शकत न्हाई.”

हे त्यांचं गणित होतं. ते पुढं किती चुकलं ते सांगायचंच आहे.

त्या संध्याकाळी मी आमच्याही घराचे फोटो काढले. दोन फुटलेले पत्रे, बाकीचे जुने, शेवाळलेले पण साबूत. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टरांनी ते फोटो बघितले आणि म्हणाले, “दोन पत्र्यांचं काय मिळणार? ह्याच्या निमित्तानं सगळे बदलून होतील.” ते हातोडा घेऊन शिडीवर चढले. मी खाली उभी होते. अडवलं का? नाही. मी म्हणाले, “हळू, आवाज होईल.” एवढंच म्हणाले. तिसरा पत्रा फुटला तेव्हा मी भिंतीपलीकडे बघितलं. बाई त्यांच्या स्लॅबवर सोलरचा सांगाडा मोजत होत्या. हातात टेप तसाच धरून त्या आमच्याकडे बघत होत्या.

मिस्टर वरूनच म्हणाले, “काकू, सैल झालते, पोरीच्या डोक्यात पडायला नकोत म्हणून...”

बाई टेप गुंडाळून खाली उतरल्या. नंतर मी पुन्हा फोटो काढले. आता आमच्या घराचे नऊ पत्रे फुटलेले होते.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तो बारा दिवसांनी. तोवर बाईंनी एकही वस्तू हलवली नव्हती, नुसती ताडपत्री बांधली होती. मधल्या काळात वळीव दोनदा येऊन गेला, ताडपत्री फाटली, त्यांनी दुसरी बांधली. सर्व्हेअर मध्यम वयाचा, घामेजलेला माणूस, त्याला त्या दिवशी आणखी पाच गावं करायची होती. त्याने बाईंची वही बघितली आणि खुर्चीत बसून पूर्ण वाचली. “मॅडम, अठरा वर्षं झाली मला या धंद्यात. असं रेकॉर्ड कुणी ठेवलेलं बघितलं न्हाई.” त्याने चौकातून सगळ्या पानांची झेरॉक्स करून आणली. मी काढलेल्या फोटोंच्या प्रिंटही बाईंनी आधीच काढून आणल्या होत्या, त्यांचा एक संच त्याला दिला. बाईंच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे पाहिलं तो आनंदच होता, दुसरं काही नव्हतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी त्यांची वही तपासली होती आणि बरोबर म्हटलं होतं.

आमच्याकडे तो पाच मिनिटं थांबला. मिस्टरांनी त्याला थंड आणून दिलं. फोटो बघून, वर एक नजर टाकून तो गेटपाशी आला. बाई त्यांच्या गेटात उभ्या होत्या. मी आणि गौरी आमच्या दारात. त्याने बाईंना सहज विचारलं, “शेजारच्यांच्या पत्र्यांचा तर तुमच्याहून बारीक चुरा झालाय. गार सारखीच पडली ना?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग गौरीकडे.

“त्यांचं त्यांना विचारा,” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

महिन्याभरात आमचा क्लेम मंजूर झाला. आम्ही निळे, रंगीत, लोखंडी पत्रे घातले. कारागिरानं उतार बाईंच्या बाजूला दिला, कारण आमच्या बाजूला मिस्टरांची गाडी उभी राहते. त्याचं तेव्हा काही वाटलं नाही.

बाईंना इंग्रजीत पत्र आलं. त्यांनी ते स्वतः वाचलं, मग मला वाचायला दिलं, आपल्याला नीट कळलं का ते बघायला. नीटच कळलं होतं. पत्र्यांना पूर्वीपासून चिरा होत्या व त्यांची डागडुजी केलेली होती, भिंतींना जुने तडे होते, असं विमाधारकाने स्वतःच्या नोंदीत मान्य केलं आहे. सबब नुकसान हे झीज आणि देखभालीचा अभाव यामुळे झालेलं असून दावा नामंजूर.

“एका पत्र्याला चीर होती,” बाई म्हणाल्या. “एका. दहांना नव्हती. तेही लिहिलंय की, प्रत्येकाखाली लिहिलंय.”

मी त्यांच्यासोबत लातूरच्या ऑफिसला गेले. ते माझं मन मला खात होतं म्हणून, हे आता कबूल करते. काउंटरवरचा साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने फाईल काढली, झेरॉक्सवर बोट ठेवलं. “मॅडम, अक्षर तुमचंच आहे ना?”

“माझंच हाय. पुढचं पान पण माझंच हाय. ते वाचा.”

“पुढच्या पानाला काही अर्थ नाही हो. एकदा जुनं नुकसान तुम्हीच कबूल केलं की विषय संपला. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे लिहायला?”

बाईंचा आवाज निघाला तेव्हा तो वसतिगृहातला नव्हता. “म्हंजे मी लिहिलं नसतं, तर मंजूर झालं असतं?”

साहेबाने खांदे उडवले. मग जरा कीव येऊन तो म्हणाला, “वर अपील करा. गार पडली त्या दिवशीचे फोटो आहेत तुमच्याकडे, ते जोडा. पण नुसत्या प्रिंटवर वेळ कळत नाही. ज्या मोबाईलवर काढले तो मोबाईल घेऊन या. आमचा माणूस तपासून शेरा देईल, की हे त्याच संध्याकाळचे. पत्रे एकदम, ताजे फुटलेले आहेत हे दिसलं तर बघता येईल.”

येताना एसटीत बाई सगळा रस्ताभर बोलत होत्या. इतक्या आनंदात की कंडक्टरनं वळून बघितलं. “मी म्हणलं होतं न्हवं तुला, आधी लांबून काढ? सगळं दिसंल त्यात. खडूचे नंबर दिसतेल. सोमवारी जाऊ. तुला सुट्टी मिळंल का? अर्ध्या दिवसाची टाक.”

मी हो म्हणाले.

मोबाईलमध्ये बाईंच्या घराच्या फोटोंनंतर लगेच आमच्या घराचे फोटो होते. त्या संध्याकाळचे: दोन फुटलेले पत्रे. आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळचे: नऊ. तपासणाऱ्यानं बोट पुढं सरकवलं असतं तरी त्याला दिसलं असतं. मिस्टर म्हणाले, “आपले तेवढे काढून टाक.” मी तेच करायला बसले. आमचे काढले. पण मग वाटलं, मध्येच जागा रिकामी दिसली तर? पुसलेले परत काढता येतात म्हणतात. तो माणूस विचारेल, अजून काय होतं, कामून पुसलं? नकोच तो मोबाईल तिथं न्यायला; फोटोच उरले नाहीत तर न्यायचं कारणच नाही. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, कुकरच्या शिट्ट्या मोजत मी त्या दिवसाचे सगळे फोटो पुसले. पट्टीशेजारची गार, खडूचे आकडे, चार नंबरचा पत्रा. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मिस्टरांनी सुद्धा एवढं सांगितलं नव्हतं.

रविवारी मी भिंतीपाशी गेले. “बाई, मोबाईल बिघडला. सगळं गेलं.”

बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हातातली चादर झटकली, दोरीवर टाकली, तिची चारी टोकं सारखी केली. मग म्हणाल्या, “बरं.”

अपील त्यांनी केलं, फोटोंच्या प्रिंट जोडून. उत्तर यायला पावसाळा उजाडला, आणि ते नकाराचंच होतं.

तो पावसाळा मला विसरता येत नाही. बाईंनी भिजलेल्या स्वयंपाकघरातून शेगडी आतल्या खोलीत आणली होती. पुढं पेन्शनमधून थोडे पत्रे घातले, पण आमच्या निळ्या पत्र्यांवरून पडणारं सगळं पाणी त्यांच्या मागच्या भिंतीवर कोसळायचं. पन्हळ लावून घ्या, असं मी मिस्टरांना म्हणाले. लावू, ते म्हणाले. बाईंनी एकदाही तक्रार केली नाही, आणि त्यांनी तक्रार न करणं ही किती भयंकर गोष्ट आहे ते त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल. त्या पाणी किती वाजता आलं ते विचारायलाही येईनात. पोळ्याच्या आसपास ती भिंत एका बाजूनं बसली. कुणी जखमी झालं नाही, कारण बाई तेव्हा दवाखान्यात होत्या. ओलीत राहून त्यांचा जुना दमा उलटला होता.

भाचा आला, सामान टेम्पोत भरलं. घर एका आडत्याला विकलं. त्याने पुढच्या खोल्यांत सोयाबीनची पोती ठेवली. जाताना बाई आमच्या दारात आल्या. सासूबाईंच्या पाया पडल्या, गौरीच्या हातात खाऊ दिला. मला म्हणाल्या, “येते.” मी रडायला लागले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तसं बघितल्यावर माणसाला रडणं चालू ठेवता येत नाही.

वर्षभरानं नांदेडला माझ्या भावाकडे जाणं झालं. पत्ता मिळवून मी बाईंकडे गेले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, भाच्याची बायको नोकरीला, घरात बाई एकट्या. चहा केला. गौरी कितवीत आहे विचारलं. घराचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. निघाले तेव्हा त्या पिशवी घेऊन उठल्या. “चल, मला पण भाजी आणायची हाय.”

गल्लीतून रस्त्यापर्यंत आम्ही चाललो. मला वाटलं, आत्ता नाही बोलले तर कधीच नाही.

“बाई, तो मोबाईल बिघडला नव्हता.”

त्या थांबल्या नाहीत. “ठाऊक हाय.”

“कसं?”

“त्याच आठवड्यात तू मला त्याच मोबाईलवर तुझ्या भावाच्या लग्नातले फोटो दाखवलेस. ते गारांच्या आधीचे होते. बिघडला तर माझेच तेवढे कसे गेले?”

“मग तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?”

“तुझ्या तोंडून यायला पायजे होतं. आज आलंय. आज त्याचं काय करू?”

मी म्हणाले, “मला माफ करा. लई मोठी चूक झाली.”

बाई थांबल्या. आवाज चढला नव्हता. “हे बघ सरिता. तुझ्या चुकीचं मला काही सांगू नको. त्या सर्व्हेअरनं मला गेटापाशी विचारलं होतं. मी हातोडा बघितला होता. साहेब, कलेक्टर, कुणापुढं मी गप बसले न्हाई कधी, तिथं बसले. तुझी पोरगी दारात उभी होती, तिच्यासमोर तिच्या बापाला चोर म्हणवलं न्हाई. ते माझं मला लागून राहिलंय. आता तू येऊन माफी मागतीस. ती दिली तर तुला आज झोप लागंल. माझं काय होईल त्यानं?”

त्यांनी हात करून ऑटो थांबवला. “स्टेशनला नीट सोड हिला,” असं ऑटोवाल्याला सांगितलं आणि पलीकडे भाजीच्या गाड्यांकडे निघाल्या. ऑटो सिग्नलला अडकला होता म्हणून मी मागच्या फटीतून बघत राहिले. बाई एका गाड्यापाशी वांगी निवडत होत्या. भाजीवाली त्यांना काहीतरी म्हणाली, बहुतेक चेष्टेनं, आणि बाई हसल्या. मान मागं टाकून, तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिले, पण असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या भाजीवालीला बाई ओळखतही नसतील, किंवा असतील. मला ते कळायचं काही कारण उरलं नव्हतं. सिग्नल सुटला आणि ऑटो वळला.